ध्वनिसंच, घरगुती

ध्वनिसंच, घरगुती : मुद्रित केलेला किंवा रेडिओवरून प्रक्षेपित झालेला ध्वनी घरातील माणसांना सुश्राव्य पातळीवर ऐकता यावा, म्हणून तयार केलेली संयुक्त यंत्रणा. तिचे तीन प्रमुख घटक असतात : ध्वनीचा उगम (तबकडी, फीत, रेडिओ, अंकीय संगीतवादक इ.), उगमाकडून येणारा क्षीण विद्युत् संकेत वाढविणारा विवर्धक आणि त्या संकेताचे पुन्हा हवेतील कंपनांत रूपांतर करणारा ध्वनिक्षेपक. हे घटक एका लहान पेटीत किंवा एक मुख्य पेटी व दोन ध्वनिक्षेपक अशा आटोपशीर रूपात असले, म्हणजे त्यास सुटसुटीत संच म्हणतात. खिशात मावणारा संगीतवादक ज्या खोबणीत बसविला असता त्याची विद्युत् घटमालाही भारित होते व त्यातील संगीत संचातून ऐकूही येते, त्या खोबणीस डॉक असे नाव आहे.

या यंत्रणेच्या भारतातील सुमारे सव्वाशे वर्षांच्या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. विवर्धक व ध्वनिक्षेपक ही अंगे दीर्घायुषी असतात. उगम व त्याला संचाशी जोडणारा सांधा मात्र दर पंधरा-वीस वर्षांनी बदलत जातो. सांधा बदलला म्हणजे यंत्र सुस्थितीत असूनही मुके होते आणि त्याच्यासाठी जमविलेला घरातील ध्वनिसंग्रहही त्याबरोबर मुका होतो. त्यामुळे ध्वनिसंचाची निवड हा केवळ आवडीचा वा किंमतीचा प्रश्न राहत नाही; घरातील कोणते आवाज पुढील पिढीस ऐकू येतील, हा प्रश्नही तीत गुंतलेला असतो. वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार विशेष उद्‌बोधक ठरतो. या जिल्ह्याचे हवामान यंत्रांची कसोटी पाहणारे आहे, शिवाय यंत्र कोणते व कशासाठी स्वीकारावे याची मूलगामी चर्चा विसाव्या शतकात याच जिल्ह्यात झाली.

यांत्रिक कालखंड : टॉमस आल्वा एडिसन यांनी १८७७ मध्ये फोनोग्राफ तयार केला व एमिल बर्लिनर यांनी १८८७ मध्ये सपाट तबकडीचा ग्रामोफोन पुढे आणला. भारतातील व्यापारी ध्वनिमुद्रणाचा प्रारंभ १९०२ मध्ये कोलकात्यास झाला. ग्रामोफोन कंपनीच्या वतीने आलेल्या फ्रेडरिक गाइसबर्ग यांनी तेथे गौहरजान यांचे गायन मुद्रित केले. प्रारंभी या तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे छापून आणीत. १९०८ मध्ये कोलकात्यातच कारखाना निघाला. अब्दुल करीम खाँ, बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर प्रभृतींच्या ध्वनिमुद्रिका पुढे महाराष्ट्रात घरोघर पोहोचल्या आणि मैफलीत वा नाट्यगृहात प्रवेश नसलेल्यांनाही, विशेषतः स्त्रियांना, रागसंगीत व नाट्यसंगीत घरबसल्या ऐकता येऊ लागले.

मिनिटास ७८ फेरे घेणारी ही तबकडी मुख्यतः लाख व खनिज भुकटी यांची असे. सु. २५ सेंमी. व्यासाच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटे वाजे. त्यामुळे तासभर रंगणारा ख्याल गवयास तेवढ्यात बसवावा लागे. पोलादी सुई वरचेवर बदलावी लागे. तथापि किल्लीने चालणाऱ्या या यंत्रास विजेची गरज नव्हती. वीज पोहोचण्यापूर्वीच्या खेड्यांत ते चालू शकले, ते या एकाच गुणामुळे. मुंबई–नागपूर लोहमार्गावरील वर्धा, पुलगाव यांसारख्या कापसाच्या बाजारपेठांच्या गावी असा माल पोहोचणे अवघड नव्हते.

याच कालखंडातील दोन घटना वर्ध्याशी निगडित अशा व्यक्तींच्या आहेत. महात्मा गांधी १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले असता कोलंबिया कंपनीने त्यांचे ईश्वरविषयक भाषण मुद्रित केले. पुढे १९३४ पासून त्यांचे वास्तव्य वर्ध्यास व १९३६ पासून जवळच्या सेवाग्राम येथे होते. दुसरी घटना विनोबा भावे यांची. त्यांनी १९३०–३१ मध्ये वर्ध्यात गीताई रचली आणि १९३२ मध्ये धुळे येथील तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली. तेथे ध्वनिमुद्रणाचे कोणतेही साधन नव्हते. साने गुरुजींनी ती प्रवचने हाताने लिहून घेतली. गांधीजींचा आवाज तबकडीत राहिला. पण तो ऐकण्यास तबकडी फिरविणारे यंत्र लागते. विनोबांचा त्या वेळचा आवाज उरला नाही, पण शब्द उरले आणि ते वाचण्यास डोळ्यांखेरीज कशाचीच जरूरी पडत नाही. ध्वनीच्या जतनातील लाभ व धोका हे दोन्ही या दोन उदाहरणांत एकत्र दिसतात.

रेडिओ : १९२५ च्या सुमारास दोन महत्त्वाचे बदल झाले. ध्वनिमुद्रण विद्युत् पद्धतीने होऊ लागले आणि चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी चल वेटोळ्याचा (चुंबकीय क्षेत्रात हलणाऱ्या तारेच्या वेटोळ्यास कागदी शंकू जोडलेला) ध्वनिक्षेपक सिद्ध केला. आजचे बहुसंख्य ध्वनिक्षेपक तत्त्वतः तेच आहेत. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र १९२७ मध्ये सुरू झाले. परंतु वर्धा जिल्ह्यास जवळचे केंद्र लाभले, ते १६ जुलै १९४८ रोजी आकाशवाणीचे नागपूर केंद्र सुरू झाल्यावर. निर्वात नलिकांचा रेडिओ तापून बोलू लागण्यास काही क्षण जात. भिंतीपासून भिंतीपर्यंत ताणलेली तांब्याच्या जाळीची पट्टी हा आकाशक आणि टपाल कार्यालयातून दरवर्षी नूतनीकरण करावयाचा परवाना ही त्या काळातील रेडिओधारक घराची लक्षणे होत. कोरड्या विद्युत् घटांवर चालणारा ट्रँझिस्टर आल्यानंतर रेडिओ घराबाहेर पडून शेतापर्यंत गेला.

रेडिओमुळे उगम घराबाहेर गेला. श्रोत्यास तबकड्या विकत घ्याव्या लागेनात. मात्र काय व केव्हा ऐकावयाचे, हे त्याच्या हाती राहिले नाही. पुणे केंद्रावरून १९५५–५६ मध्ये प्रसारित झालेले ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांचे गीतरामायण हे याचे ठळक उदाहरण होय. प्रसारणाच्या वेळी श्रोते रेडिओभोवती जमत; हवे तेव्हा ते ऐकणे मात्र पुढे ध्वनिमुद्रिका निघाल्यावरच शक्य झाले.

स्टीरिओ व लहान पेटी : मिनिटास ३३ १/३ फेरे घेणारी दीर्घवादन तबकडी १९४८ मध्ये आली. तिची एक बाजू वीस मिनिटांहून अधिक चालत असल्याने रागविस्तारास प्रथमच काहीसा अवसर मिळाला. दोन स्वतंत्र मार्गांनी ध्वनी मुद्रित करून ऐकणाऱ्यास दिशेचा प्रत्यय देण्याची स्टीरिओ पद्धती ॲलन ब्लुमलाइन यांनी १९३१ मध्येच मांडली होती. तिच्या तबकड्या १९५८ च्या सुमारास बाजारात आल्या. त्याआधी १९५४ मध्ये एडगर व्हिल्चर यांनी हवाबंद पेटीतील हवेचाच स्प्रिंगेसारखा उपयोग करणारा ध्वनिक्षेपक तयार केला. पूर्वी खर्जातील स्वरांसाठी कपाटाएवढी पेटी लागे. आता ती मांडणीवर मावू लागली. व्हिल्चर यांचा हा शोध व ट्रँझिस्टरी विवर्धक यांच्या संयोगातून १९६० नंतर सुटसुटीत घरगुती संच जन्मास आला.

तथापि लहानपणाची किंमत मोजावीच लागते. पेटीचा लहान आकार, खोल खर्ज आणि अल्प शक्तीत मोठा आवाज या तीन गुणांपैकी कोणतेही दोन साधता येतात. तिन्ही एकत्र साधत नाहीत. काळी एक या पट्टीत लावलेल्या तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेची मूल कंप्रता (दर सेकंदास होणारी कंपनसंख्या) सु. ६९ असते. तळहाताएवढ्या ध्वनिक्षेपकातून ती जवळजवळ येतच नाही. तीवरील वरच्या स्वरांशांवरून कान मूळ स्वराचा अंदाज बांधतो, म्हणून तंबोरा ओळखू येतो. पण त्याचे भरीवपण हरवते.

कॅसेट : फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये सादर केलेली कॅसेट सु. ३.८ मिमी. रुंदीच्या चुंबकीय फितीची होती. भारतात १९८० नंतर तिचा प्रसार झपाट्याने झाला. ग्रामोफोन कंपनीची दीर्घकालीन मक्तेदारी मोडून अनेक लहान उत्पादक पुढे आले आणि मोठ्या कंपन्यांनी क्वचितच हात लावलेली भजने, भीमगीते, लोकगीते व तमाशाची गाणी स्वस्तात मिळू लागली. प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्या गायकांची लोकप्रियता कॅसेटमुळे खेडोपाडी पसरली. रेडिओ व कॅसेटवादक एकत्र असलेला ‘टू-इन-वन’ ही या काळातील मध्यमवर्गीय घराची खूण होय.

कॅसेटचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य वेगळेच आहे. सामान्य घरात पोहोचलेल्या यंत्रांपैकी ध्वनी ऐकविणारे आणि टिपूनही घेणारे असे हे पहिले यंत्र होते. ग्रामोफोन व रेडिओ यांनी घरास श्रोता केले होते. टू-इन-वनवरील लाल कळीने त्यास ध्वनिमुद्रक केले. आजीच्या जात्यावरच्या ओव्या, हळदीची गाणी, गावच्या भजनी मंडळाची काकड आरती, लेकराचे बोबडे बोल हे सर्व फितीवर आले. विकत मिळणाऱ्या गाण्याची दुसरी प्रत कोठेतरी सापडते; या फितींची दुसरी प्रत मात्र कोठेच नसते.

अंकीय कालखंड व डॉक : सोनी व फिलिप्स या कंपन्यांनी १९८२ मध्ये बाजारात आणलेल्या १२ सेंमी. व्यासाच्या कॉम्पॅक्ट डिस्कमध्ये ध्वनिसंकेताचे सेकंदास ४४,१०० नमुने घेऊन ते अंकांच्या रूपाने साठविले जातात. १९९१ नंतरच्या उदार आर्थिक धोरणामुळे भारतात अनेक कंपन्यांचे संच उपलब्ध झाले व ‘म्युझिक सिस्टिम’ हा शब्द रूढ झाला. १९९० नंतरच्या दशकात एमपी३ पद्धतीने ध्वनीची माहिती सु. एकदशांशापर्यंत आटविता येऊ लागली आणि संगीत तबकडीपासून सुटे झाले.

ॲपल कंपनीचा आयपॉड हा वादक ऑक्टोबर २००१ मध्ये आला. २००३ मधील आवृत्तीत त्यास ३० स्पर्शबिंदूंचा चपटा जोड देण्यात आला. या एका जोडातून विद्युत् पुरवठा, विवर्धकास लागणारा ध्वनिसंकेत व नियंत्रणाच्या आज्ञा अशा तिन्ही गोष्टी जात. हेडफोनसाठी असलेल्या विवर्धकास वगळून संकेत थेट मिळत असल्याने ध्वनीही अधिक स्वच्छ येई. बोस कंपनीच्या २००४ मधील साउंडडॉकनंतर अनेक कंपन्यांनी असे संच काढले. भारतात हा वादक महाग असल्यामुळे डॉकसंच मर्यादित घरांतच पोहोचले. सप्टेंबर २०१२ मध्ये ॲपलने हा जोड बदलून आठ स्पर्शबिंदूंचा, केवळ अंकीय संकेत देणारा जोड स्वीकारला. २०२३ मध्ये आयफोनवरील तोही जोड गेला. आयपॉडचे उत्पादन २०२२ मध्ये थांबले. दरम्यान ब्ल्यूटूथ या बिनतारी पद्धतीमुळे खोबणीची गरजच उरली नाही. ध्वनिक्षेपक धडधाकट, विवर्धक चालू आणि खोबणी रिकामी, अशी या संचांची अवस्था झाली. मात्र ज्या संचांना मागील बाजूस ३.५ मिमी. व्यासाचे साधे ध्वनिछिद्र होते, ते पुढेही उपयोगात राहिले. दूरध्वनी, संगणक वा जुना कॅसेटवादक असा कोणताही उगम त्यांना एका तारेने जोडता येतो.

वर्ध्यातील यंत्रविचार : गांधीजींचा यंत्रांस सरसकट विरोध होता, ही समजूत यथार्थ नाही. १९२४ मध्येच त्यांनी शिवणयंत्राचा अपवाद मान्य केला होता. माणसाचे अवयव निकामी न करता त्याचे कष्ट हलके करणारे यंत्र त्यांना त्याज्य नव्हते. अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना १९३४ च्या अखेरीस वर्ध्यात झाली व त्याचे काम मगनवाडीतून चाले. ग्रामोद्योगांची साधने लोकांसमोर मांडणाऱ्या मगन संग्रहालयाचे उद्‌घाटन १९३८ मध्ये झाले. संघाचे सूत्रधार जे. सी. कुमारप्पा यांनी १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इकॉनॉमी ऑफ परमनन्स या ग्रंथात स्थायी व अस्थायी अशा अर्थव्यवस्थांचा भेद विशद केला. वापरताच संपणारे साठे आणि अखंड वाहणारे प्रवाह यांत त्यांनी फरक केला व मानवी व्यवहार शक्य तितका दुसऱ्यावर आधारलेला असावा, असे प्रतिपादिले.

हा विचार ध्वनिसंचासाठी मांडलेला नव्हता. तरीही तो येथे उपयोगी पडतो. विशिष्ट वादकाच्या जोडावर सर्वस्वी अवलंबून असलेला संच म्हणजे मर्यादित साठाच होय. जोड गेला की संच संपला. कोणताही उगम स्वीकारणारा, उघडून दुरुस्त करता येणारा संच मात्र बदलत्या उगमांच्या प्रवाहाबरोबर चालू राहतो. स्थैर्य हा निकष लावला असता दिखाऊ सोयींचे मोल कमी व साध्या छिद्राचे मोल अधिक ठरते.

निवडीचे निकष : वरील इतिहासावरून सुटसुटीत संच निवडताना पुढील बाबी पाहणे इष्ट ठरते.

(१) जोड : डॉक वा ब्ल्यूटूथ असो वा नसो, तारेने जोडण्याचे सर्वसामान्य ध्वनिछिद्र अवश्य असावे. केवळ विशिष्ट कंपनीच्या दूरस्थ सेवेवर चालणारा संच ती सेवा थांबताच निरुपयोगी होतो.

(२) शक्ती : १९९० नंतरच्या काळात अनेक संचांवर ‘पीएमपीओ’ या नावाखाली शेकडो वा हजारो वॉटचे आकडे छापले जात. हा आकडा क्षणमात्राच्या कल्पित शिखराचा असल्याने तुलनेस निरुपयोगी आहे. अखंड देता येणारी शक्ती पहावी. शक्ती दुप्पट केल्याने आवाजाची पातळी केवळ ३ डेसिबल वाढते. आवाज कानास दुप्पट वाटण्यास सु. दहापट शक्ती लागते. १ वॉट शक्तीने १ मी. अंतरावर ८७ डेसिबल आवाज देणारा ध्वनिक्षेपक १० वॉट शक्तीने ९७ डेसिबल देतो. तीन-चार मीटर लांबीच्या खोलीस हे पुरेसे होते.

(३) मांडणी : दोन ध्वनिक्षेपक व श्रोता मिळून साधारण समभुज त्रिकोण होत असेल, तरच स्टीरिओचा खरा प्रत्यय येतो. एकाच लहान पेटीत वीत-दीड वीत अंतरावर बसविलेल्या ध्वनिक्षेपकांतून तो थोडे दूर गेल्यास नाहीसा होतो. म्हणून सुटे ध्वनिक्षेपक असलेला संच श्रेयस्कर.

(४) हवामान : वर्ध्याच्या उन्हाळ्यात तपमान ४५° से. च्या पुढे जाते. विवर्धकातील विद्युत् विच्छेद्य धारित्रांचे आयुष्य तपमानातील दर १०° वाढीस सु. निम्मे होते, असा ढोबळ नियम आहे. म्हणून संच बंद कपाटात वा पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीस लागून ठेवू नये. त्याची वातछिद्रे धुळीपासून मोकळी ठेवावी. ध्वनिक्षेपकाच्या शंकूभोवतीची कडा फेसरबराची असल्यास ती दमट हवेत दहा-वीस वर्षांत कुजून गळते. घट्ट रबराची वा कापडाची कडा अधिक टिकते. कॅसेटच्या फितीस पावसाळ्यात बुरशी धरते व उष्णतेने तबकडी वाकते.

(५) विद्युत् पुरवठा : भारतातील पुरवठा २३० व्होल्ट व ५० हर्ट्‌झ असा आहे. अमेरिकेतून आणलेल्या ११०–१२० व्होल्टच्या यंत्रास रोहित्र जोडून दाब जुळविता येतो, पण कंप्रता बदलत नाही. त्यामुळे ६० हर्ट्‌झसाठी केलेला समकालिक चलित्राचा तबकडीवादक येथे पाचषष्ठांश वेगाने फिरतो आणि गायकाचा स्वर उतरतो.

नवा संच घेताना जुना टाकून देण्याची प्रथा मात्र हानिकारक ठरली आहे. घरात स्वतः मुद्रित केलेल्या कॅसेट असतील, तर चालू स्थितीतील एक कॅसेटवादक जपावा अथवा दुरुस्त करून घ्यावा, त्याचा संकेत संगणकात घेऊन फितींचे अंकीय रूपांतर करावे आणि त्याच्या किमान दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. वादकातील रबरी पट्टे कालांतराने कडक वा चिकट होतात व फितीवरील चुंबकीय लेप सुटू लागतो. म्हणून या कामास विलंब परवडत नाही. मुद्रित आवाज कोणाचा, कोठला व केव्हाचा, याची नोंद कागदावर करून ती फितीसोबत ठेवावी. यंत्रे बदलली, तरी ती नोंद कोणत्याही साधनाविना वाचता येते.